चाच्यांची इनडोअर बोट राइड: अंधाराला घाबरणाऱ्या मुलीला न्यावं का?

भटकीवहिनी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. सुट्टीत युरोपला जायचं ठरतंय आणि मुलांसाठी एक मोठं पार्क करायचंच आहे, जर्मनीतलं युरोपा-पार्क नाहीतर पॅरिसचं डिस्नीलँड, दोन्ही जमणार नाही. दोन्हीकडे चाच्यांची बोट राइड आहे, ती बंद इमारतीतली, म्हणजे बोटीत बसायचं आणि अंधारातून समुद्री चाचे, तोफा, खजिना असं सगळं बघत बघत जायचं. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला चाच्यांचं जबरदस्त वेड, डोळ्यावर काळी पट्टी बांधून घरभर फिरत असतो, त्याला ही राइड हवीच आहे. मुलगी पाच वर्षांची आणि तिला अंधार अजिबात चालत नाही, लाइट गेले की सेकंदात माझ्या मांडीवर. बरोबर सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात पण उत्साह आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त.

तर मला हे कळत नाहीये की ही बोट नेमकी चालते कशी, पाण्याखाली रूळ असतो की ती खरंच तरंगते, पाणी किती खोल, मध्ये एकदम खाली घसरते म्हणतात ते किती भयंकर असतं, आणि मध्येच बंद पडली तर काय करतात. दुसरं म्हणजे नवऱ्याचं म्हणणं आहे की हळू चालणाऱ्या बोटीत बसून बाहुल्या बघणं हा निव्वळ टाइमपास आहे, तेवढ्या वेळात एखादी मोठी रोलर कोस्टर होईल. मला तसं वाटत नाही, पण त्याला पटेल असं काही सांगताही येत नाहीये. ज्यांनी केली आहे त्यांनी प्लीज मनापासून लिहा, मुलीला न्यायचं की तिला घेऊन मी बाहेर थांबायचं हे मला आधीच ठरवायचंय.

गिअरबॉक्स

वहिनी, पंप आणि पाणी हे माझं रोजचं काम, त्यामुळे बोट कशी चालते तेवढं मी सांगतो, बाकीचं इथले जाणकार सांगतीलच.

या जुन्या पद्धतीच्या राइडमध्ये बोटीला इंजिन नसतं आणि सपाट भागात खाली रूळही नसतो. ती खरोखर तरंगत असते. खाली एक लांबच लांब पन्हळ बांधलेली असते, पंप त्यातलं पाणी सतत एकाच दिशेला ढकलत राहतात आणि त्या प्रवाहाबरोबर बोट पुढे जाते. बोटीच्या दोन्ही अंगांना आडवी रबरी चाकं असतात, वळणावर ती पन्हळीच्या भिंतीला टेकतात आणि बोट आपोआप वळते. पाटाच्या पाण्यात कागदाची होडी सोडली की ती कशी कडेला टेकत टेकत जाते, अगदी तसं. म्हणून या राइडमध्ये हिसके नसतात आणि आवाजही फारसा नसतो, बोट नुसती सरकत असते. सासूबाईंच्या गुडघ्यांना प्रवासाचा त्रास काहीच नाही. त्रास आहे तो चढता-उतरताना, कारण बोटीत पाय खाली टाकून उतरावं लागतं आणि बाक बुटका असतो. तिथे कुणीतरी आधी आत जाऊन त्यांना हात द्यायचा, घाई करायची नाही, स्टाफला सांगितलं तर ते थांबतात.

पाणी दिसतं तेवढं खोल नसतं. तळ आणि भिंती मुद्दाम गडद रंगाच्या ठेवतात आणि उजेड कमी असतो, त्यामुळे तळ दिसत नाही आणि आपल्याला अथांग वाटतं. पण हात मात्र बाहेर काढू देऊ नका, दोन्ही मुलांना आधीच दम भरून ठेवा. मुलं पाण्यात हात घालायला जातातच आणि बोट कडेला टेकत जात असते, मध्ये हात आला तर चांगलंच लागतं.

घसरणीचं सांगतो. तिथे बोट मोकळी नसते, उताराच्या पन्हळीत धरलेली असते, त्यामुळे वाकडी होणं, कलंडणं हा प्रकारच नाही. दोन-तीन सेकंदांचा खेळ असतो. खाली पोचल्यावर पाणी उडतं, पुढच्या बाकावर जास्त, मधल्या आणि मागच्या बाकांवर कमी. पुढची बोट खालून पुरेशी लांब गेल्याशिवाय वरची बोट सोडतच नाहीत, सेन्सर असतात त्यासाठी. त्यामुळे कधी कधी घसरणीच्या तोंडाशीच बोट थांबते आणि नेमकं तिथेच मुलं जास्त घाबरतात. मुलीला आधीच सांगून ठेवा की इथे बोट थोडी थांबू शकते, पुढच्या बोटीला जाऊ द्यायला. आणि शेवटी स्टेशन आलं की बोटी एकामागे एक तुंबतात, मागची बोट हळूच येऊन टेकते, तो धक्का नॉर्मल आहे.

बंद पडली तर? पहिला नियम, उठायचं नाही. बहुतेक वेळा थोड्या वेळात परत सुरू होते. नाहीच झाली तर आतले मोठे दिवे लावतात आणि कर्मचारी येऊन कडेच्या वाटेने बाहेर काढतात, अशी वाट बांधतानाच ठेवलेली असते. एका पार्कात (नाव घेत नाही) आमची बोट मध्येच अडकली होती आणि बराच वेळ एक साधी घोषणासुद्धा नाही, संगीत आणि तोफांचे आवाज चालूच. माणसं वैतागली ती थांबल्यामुळे नाही तर कुणी काही सांगत नव्हतं म्हणून. आपल्याकडून एवढंच करायचं की मुलांशी बोलत राहायचं.

नवीन पद्धतही आली आहे. २०१६ ला शांघायचं डिस्नीलँड उघडलं तिथल्या चाच्यांच्या राइडमध्ये बोटी चुंबकांनी फिरवतात, म्हणजे बोट आडवी वळते, मागच्या मागे जाते, पाहिजे तिथे थांबवून तोंड वळवता येतं. काम म्हणून ते बघून मी थक्क झालो, पण मला स्वतःला प्रवाहावर जाणारी साधी बोट जास्त आवडते. तिच्यात आपण खरंच पाण्यावर आहोत हे अंगाला जाणवतं.

अक्षरवेल

वहिनी, तुमच्या अहोंच्या "टाइमपास" या शब्दावर मला बोलायचंच आहे, कारण हा माझा अतिशय जिव्हाळ्याचा विषय आहे आणि कुणी या राइडला बाहुल्यांचा खेळ म्हटलं की मला राहवत नाही.

या सगळ्या प्रकाराची आई म्हणजे कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडची पायरेट्स ऑफ द कॅरिबियन. १८ मार्च १९६७ ला उघडली. सिनेमा नंतरचा, २००३ चा, तो राइडवरून काढला, उलट नाही. पुष्कळ जणांना हे माहीत नसतं. वॉल्ट डिस्नीने ज्या राइडच्या बांधकामात स्वतः लक्ष घातलं त्यातली ही शेवटची, तो डिसेंबर १९६६ मध्ये गेला, त्याला ती पूर्ण झालेली बघायला मिळाली नाही. आणि मुळात ही बोट राइड नव्हतीच. आधी बेत होता मेणाच्या पुतळ्यांचा, लोकांनी चालत चालत बघायचं. मग १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात डिस्नीने लहान मुलांच्या बाहुल्यांची बोट राइड केली आणि त्यात दिसलं की बोटींमधून भराभर माणसं जातात, कुणी एका जागी रेंगाळत नाही, गर्दी तुंबत नाही. शिवाय हलणाऱ्या बोलणाऱ्या आकृत्या करण्याचं तंत्रही त्याच मेळ्यात पक्कं झालं. तेव्हा पुतळ्यांचा बेत गेला आणि बोटी आल्या.

आता घसरणी का आहेत ते बघा, मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. डिस्नीलँडभोवती आगगाडीचा मातीचा बांध आहे आणि राइडची मोठी इमारत त्या बांधाच्या पलीकडे आहे. जागाच नव्हती आत. मग बोटींना रुळांच्या खालून पलीकडे न्यायचं तर त्यांना खाली उतरवावंच लागणार. म्हणून दोन घसरणी आणि म्हणूनच शेवटी परत वर चढणं. अडचण होती जागेची, पण त्यांनी ती गोष्टीत अशी मुरवली की आपल्याला वाटतं आपण वरच्या जगातून चाच्यांच्या काळात उतरलो. आधी काजवे लुकलुकणारा संथ दलदलीचा किनारा, मग एकदम काळोख, घसरण, गुहा, सांगाडे आणि त्यानंतर कुठे जिवंत चाचे. म्हणजे आधी त्यांचा शेवट दाखवला आणि मग ते कसे जगले ते.

पॅरिसला (तिथलं पार्क १९९२ चं) हा क्रम उलटा आहे, आणि वहिनी, तुमच्यासाठी हे महत्त्वाचं आहे. तिथे किल्ल्यातून आत जातो, बोट सुरुवातीला एका रेस्टॉरंटच्या कडेने जाते, मग वर चढते, मग तुरुंगातल्या चाच्यांचा प्रसंग येतो, कुत्र्याच्या तोंडात किल्ल्यांचा जुडगा आणि आतले कैदी त्याला हाड दाखवून बोलावतायत. त्यानंतर पहिली घसरण आणि खाली उतरल्या उतरल्या जहाज आणि किल्ला यांच्यात तोफांची लढाई. पुढे लुटलेलं गाव, आग, दुसरी घसरण, आणि गुहेतले सांगाडे अगदी शेवटी. तोवर मुलांची नजर अंधाराला सरावलेली असते. दोन चाचे तलवारीने लढताना दाखवलेत तेही पॅरिसला आहेत, खणखणाट अगदी जवळून ऐकू येतो, तुमच्या लेकाला सांगा तिथे लक्ष ठेव म्हणून.

हळू चालते ही तक्रार मला समजतच नाही. हळू चालते म्हणून तर बघता येतं! डिस्नीच्या चमूतल्या मार्क डेव्हिसने त्यातल्या गमतीचे प्रसंग काढले आणि क्लॉड कोट्सने ती सगळी जागा, भिंती, उजेड, आभाळ उभं केलं. संवाद आणि गाण्याचे शब्द एक्स अटेन्सिओचे, तो मूळचा अॅनिमेशनवाला, त्याआधी त्याने असं लिखाण केलं नव्हतं. त्याला काळजी पडली होती की एवढी पात्रं एकदम बोलतात, कुणाचंच धड कळत नाही. असं सांगतात की वॉल्टने त्याला समजावलं, पार्टीत आपण चार ठिकाणची अर्धी अर्धी वाक्यं ऐकतो तसंच हे आहे, परत आले की लोकांना नवीन काहीतरी ऐकू येईल. एका फेरीत सगळं हाती लागू नये अशीच त्याची रचना आहे. डावीकडे बघत असताना उजवीकडचं सुटतं. कोस्टरमध्ये एकदा पोटात गोळा आला की संपलं, इथे वर पुलावर बसलेल्या चाच्याचा पाय लोंबकळतोय आणि तळपायाला चिखल लागलाय, नडगीवरचे केससुद्धा दिसतात, हे बोट पुलाखालून जाताना मान वर केली तरच कळतं. कुणीतरी बसून ते केस लावलेत हो.

आणि वास! ओलसर, किंचित औषधी असा जो वास येतो तो पाणी स्वच्छ ठेवायला घालतात त्या ब्रोमीनचा. इतका डोक्यात बसतो की नुसता आठवला तरी मी त्या बोटीत जाऊन बसते.

मुलीला आधी व्हिडिओ मात्र दाखवू नका. सगळी मजा जाते.

तळ्यातमळ्यात

अक्षरवेल ताई, तुमचं बाकी सगळं मान्य, पण व्हिडिओच्या बाबतीत मी उलट सांगेन. मोठ्यांची मजा जाते, पाच वर्षांच्या मुलाची नाही जात. त्या वयाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते, पुढे काय येणार हे माहीत असलं की मुलं खूश होतात. माझ्या धाकट्याला अंधाराची अशीच भीती होती आणि आम्ही त्याला घरी दिवसाउजेडी, आवाज बारीक करून राइडचा व्हिडिओ दाखवला, मधे थांबवून विचारलं आता काय येणार, तो सांगायचा आता घसरगुंडी, आता तोफ. राइडमध्ये तोच आम्हाला सांगत होता. घसरणीला डोळे घट्ट मिटले त्याने, पण रडला नाही.

वहिनी, माझा अनुभव असा की मुलं अंधाराला घाबरतात त्यापेक्षा अचानक होणाऱ्या मोठ्या आवाजाला जास्त घाबरतात. तोफेचा धमाका आला की पहिल्यांदा मोठी माणसंही दचकतात. त्यासाठी साधा उपाय म्हणजे कान झाकायचे हेडफोन बॅगेत ठेवा, लहान मुलांचे मिळतात ते. तिला तुमच्या आणि सासूबाईंच्या मध्ये बसवा, कडेला नको, आणि पहिल्या बाकावर तर मुळीच नको. स्टाफला आधीच सांगा मधला बाक द्या म्हणून, ते बोटीतलं वजन बघून बसवतात पण शक्य असेल तर ऐकतात.

पॅरिसला ते रेस्टॉरंट आहे ना राइडच्या आत, ताईंनी लिहिलंय ते, तिथे जेवायला बसलं की बोटी समोरून जाताना दिसतात. परवडणार असेल तर राइड करायच्या आधी तिथे जेवा. तिला दिसेल की तिच्याएवढी मुलं बोटीतून मजेत चाललीयत, हात करतायत. अंधारही तिथे सौम्य आहे, कंदील आहेत, संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. अर्धी भीती तिथेच जाईल. पॅरिसच्या या राइडला उंचीची अट नाही त्यामुळे दारात परत पाठवतील ही चिंता नको.

आणि एक कळकळीची विनंती, ही सगळ्यांनाच. आत फ्लॅश मारू नका आणि मोबाइलची स्क्रीन फुल ब्राइट ठेवून शूटिंग करू नका. आमच्या पुढच्या बाकावर एक जण अख्खी राइड मोबाइल वर धरून बसला होता, मागच्या तीन बाकांना तोफांपेक्षा त्याचीच स्क्रीन जास्त दिसली. सगळी कलाकारी त्या अंधारावर उभी आहे. भिंत कुठे संपते हे दिसत नाही म्हणून ते आभाळ वाटतं, एक फ्लॅश पडला की छत आणि पाइप दिसतात आणि मग मुलं विचारतात हे काय.

ती पहिल्यांदा नाहीच म्हणाली तर जबरदस्ती नको. दोघांनी मुलाला घेऊन जावं, एकाने बाहेर थांबावं, तो बाहेर आला की उड्या मारत सांगेल आणि मग पुष्कळदा तीच म्हणते मला पण जायचंय.

खारावारा

सगळं डिस्नीचंच चाललंय म्हणून युरोपा-पार्कच्या वतीने मी लिहितो, मला ते पार्क मनापासून आवडतं.

तिथल्या राइडचं नाव पिराटेन इन बटाव्हिया. १९८७ मध्ये सुरू झाली, प्रेरणा डिस्नीचीच. पार्क चालवणारं माक कुटुंब हे मुळात राइड बनवणारंच कुटुंब, त्यांचा कारखाना वाल्डकिर्शला आहे आणि त्याची सुरुवात १७८० ची, घोडागाड्या बनवण्यापासून. पार्क १९७५ चं. म्हणजे बोट बनवणारे आणि पार्कवाले एकच, त्यामुळे बोटी, पाणी, आकृत्या सगळ्यात घरचं लक्ष दिसतं. पार्कातले भाग देशांच्या नावाचे आहेत आणि ही राइड हॉलंडच्या भागात आहे. मुलगा विचारेल की हॉलंडच्या भागात चाचे कुठून आले, तर बटाव्हिया म्हणजे आजचं जकार्ता. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१९ मध्ये ते आपलं आशियातलं मुख्य ठाणं केलं. मसाल्याने भरलेली जहाजं तिथून निघायची, मग चाचे येणारच. त्यामुळे इथलं वातावरण कॅरिबियन नाही, आशियातल्या बंदराचं आहे, ते मला जास्त जवळचं वाटतं.

पण ती मूळची राइड आता नाही. २६ मे २०१८ ला पार्कात मोठी आग लागली आणि अख्खी राइड जळून गेली, शेजारच्या स्कँडिनेव्हियन भागाचंही नुकसान झालं. शनिवार होता, पार्क भरलेलं होतं, तरी सगळ्यांना वेळेवर बाहेर काढलं आणि आलेल्या लोकांपैकी कुणाला गंभीर इजा झाली नाही, ही खरी कौतुकाची गोष्ट. लोक हळहळले, कारण तिकडच्या कितीतरी माणसांचं बालपण त्या बोटीत गेलेलं. पार्कने लगेच सांगितलं की परत बांधणार, आणि २८ जुलै २०२० ला नवी राइड उघडली. नाव तेच, बंदर तेच, आकृत्या नव्या आणि गोष्टही आता नीट गुंफलेली, बार्थोलोमियस व्हॅन रॉबेमाँड नावाच्या साहसी माणसाभोवती फिरणारी. तुम्ही जाल ती नवी, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून जाऊ नका, तारीख बघून २०२० नंतरचाच बघा.

आगीवरून आठवलं, या राइडमध्ये जळतं गाव दाखवतात ना, तिथे खरी आग नसते. दिवे, पंखे आणि हलणारं पातळ कापड नाहीतर फिल्म यांनी ते करतात. कॅलिफोर्नियाच्या राइडबद्दल सांगतात की तिथल्या अग्निशमन अधिकाऱ्याने ती नकली आग बघून अट घातली, खरी आग लागली तर हा इफेक्ट आपोआप बंद झाला पाहिजे, नाहीतर आमच्या माणसांना कळायचं कसं खरं कुठलं. मुलीला हे सांगून ठेवा, बघ ती आग म्हणजे पंख्यावर उडणारं कापड, मग ती तेच शोधत बसेल.

मुलगा चाच्यांचा एवढा वेडा असेल तर प्रवासात त्याला कान्होजी आंग्र्यांबद्दल नक्की सांगा. कॅरिबियनमध्ये धुमाकूळ घालणारा ब्लॅकबिअर्ड हा चाचा अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना किनाऱ्यावर मारला गेला १७१८ ला आणि त्याच काळात कोकण किनाऱ्यावर कान्होजी मराठ्यांचे सरखेल होते, १७२९ मध्ये वारले तोवर इंग्रजांना त्यांचं आरमार कधी मोडता आलं नाही. इंग्रज आपल्या कागदपत्रांत त्यांना सर्रास पायरेट म्हणत, कारण इंग्रजांची जहाजं दस्तक, म्हणजे समुद्रात ये-जा करायचा परवाना, घेतल्याशिवाय कान्होजी जाऊ देत नसत. राज्याचा आरमारप्रमुख आणि चाचा यात फरक असतो आणि तो कागद लिहिणारा कोण यावरही ठरतो, हे नऊ वर्षांच्या मुलाला छान कळतं. माझ्या पुतण्याला कळलं, त्याने राइडमधून बाहेर आल्यावर पहिला प्रश्न विचारला की मग ह्यांच्याकडे दस्तक होतं का.

भटकीवहिनी

अरे किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. नवऱ्याला अक्षरवेल ताईंचा प्रतिसाद वाचायला दिला, आगगाडीच्या बांधाखालून बोटी न्यायच्या म्हणून घसरणी केल्या हे त्याला एकदम पटलं, तो सिव्हिलवाला आहे, आता तोच नकाशा काढून बसलाय. मुलाला कान्होजी सांगायला सुरुवात केली आहे.

मी पॅरिसकडे झुकतेय, सांगाडे शेवटी येतात आणि रेस्टॉरंटमधून आधी बोटी दाखवता येतात या दोन कारणांसाठी. शेवटचं एकच विचारते, दिवसाच्या कुठल्या वेळी करावी? आणि गिअरबॉक्स दादा, पहिल्या बाकावर मुलगा बसणार म्हणतोय, कितपत भिजेल?

गिअरबॉक्स

पहिल्या बाकावर बाह्या आणि मांड्या ओल्या होतील, निथळेपर्यंत नाही. बाक आधीच ओला असतो मात्र, बसायच्या आधी रुमालाने पुसून घ्या. मोबाइल आणि पासपोर्ट पिशवीत बंद. सासूबाईंना जाड पदराची साडी नेसायची असेल तर हरकत नाही पण पदर आत घ्यायचा, बोटीच्या कडेवरून बाहेर सोडायचा नाही.

तळ्यातमळ्यात

वेळेचं मी सांगते. बोटीत खूप माणसं मावतात आणि बोटी सतत सुटत असतात त्यामुळे रांग लांब दिसली तरी भराभर सरकते, सकाळची पहिली वेळ यावर घालवू नका, ती ज्यांच्या रांगा हलत नाहीत त्यांना द्या. ही भर दुपारी करा, ऊन असतं, पाय दमलेले असतात, आत गार असतं. फक्त उन्हातून एकदम आत गेलं की काहीच दिसत नाही, त्यामुळे किल्ल्याच्या आतल्या रांगेत मुलीला कडेवर घ्या आणि डोळे सरावू द्या. पॅरिसला ती रांगच तळघरासारखी अंधारी आहे, मुलं रडतात ती पुष्कळदा तिथेच, बोटीत नाही. तिथून पुढे नेलंत की झालं.

अक्षरवेल

आणि दुसऱ्यांदा जा हो वहिनी! पहिल्या फेरीत डावीकडे बसलात तर दुसऱ्या फेरीत उजवीकडे बसा. अहोंना सांगा कुत्र्याच्या तोंडातल्या किल्ल्या आणि तलवारवाले दोघं चुकवू नका, आणि आल्यावर इथे लिहा सासूबाईंना काय आवडलं ते, मला त्यांचंच ऐकायची जास्त उत्सुकता आहे.